व्हीटी-एडीएन आणि एक छोटा दांडा

जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले त्याच्या सत्तावीस दिवस आधीची गोष्ट. १८ सप्टेंबर १९३२. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, बायरन बे गावाजवळ, एक छोटं विमान आकाशातच मोडलं. आत तिघे होते, तिघेही गेले. त्यांतले एक होते लेस्ली होल्डन, पहिल्या महायुद्धातले नामांकित लढाऊ वैमानिक. १९२९ मध्ये वायव्य ऑस्ट्रेलियाच्या निर्जन भागात वैमानिक चार्ल्स किंग्सफोर्ड स्मिथ आपल्या सहकाऱ्यांसह भरकटले, तेव्हा त्यांचा ठावठिकाणा शोधून काढला तो याच होल्डननी. त्या सप्टेंबरात मात्र विमान ते चालवत नव्हते. ते प्रवासी म्हणून बसले होते. विमानाची नोंदणी होती व्हीएच-यूपीएम.

जेआरडींच्या विमानाची नोंदणी होती व्हीटी-एडीएन. अक्षरं वेगळी, देश वेगळा, पण विमान तेच : डी हॅविलँड कंपनीचं डीएच-८० ए, लोकांच्या तोंडी 'पस मॉथ'. दोन्ही उत्तर लंडनमधल्या स्टॅग लेनच्या एकाच कारखान्यात जन्मलेली, एकाच नकाशावरून बांधलेली. एक मोडून पडलं आणि दुसरं महिन्याच्या आत भारताच्या इतिहासात गेलं.

१५ ऑक्टोबर १९३२ ची कथा मराठी माणसाला पाठ आहे. कराचीचा ड्रिग रोड विमानतळ, पहाटेची वेळ, पंचवीस किलोंच्या आसपास टपाल, एकटे जेआरडी, वाटेत अहमदाबाद, दुपारी जुहू. मीही ती शाळेत ऐकली आणि पुढे अनेकदा वाचली. मात्र त्या विमानाची दुसरी कथा, म्हणजे त्याच्या भावंडांचे अपघात, त्यांचा तपास आणि त्यातून झालेली दुरुस्ती, या कथेला जोडून सांगितलेली मी क्वचितच पाहिली. माझ्या मते या दोन्ही कथा एकत्र सांगितल्याशिवाय त्या उड्डाणाचं मोल कळत नाही. म्हणून हा लेख विमानाबद्दल आहे, वैमानिकाबद्दल नाही.

आधी ती अक्षरं.

१९१९ च्या पॅरिस करारापासून एक नियम ठरला : प्रत्येक विमान कुठल्या तरी एका देशाच्या वहीत नोंदलं गेलं पाहिजे आणि नोंदणीची खूण त्याच्या अंगावर, दुरून वाचता येईल अशी रंगवलेली असली पाहिजे. ब्रिटनला 'जी' हे अक्षर मिळालं आणि भारतातली विमानं सुरुवातीला 'जी-आय' या मालिकेत नोंदली गेली. पुढे रेडिओच्या हाकचिन्हांची जगभर नव्याने वाटणी झाली आणि १९२९ पासून भारतीय विमानांना 'व्हीटी' आलं. या दोन अक्षरांवर आपल्याकडे अधूनमधून वाद पेटतो. 'व्हीटी म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, ही गुलामीची खूण पुसा' अशी मागणी होते. भावना समजू शकते, पण तो अर्थ मागाहून चिकटवलेला आहे. 'व्ही'ने सुरू होणाऱ्या हाकचिन्हांचे अनेक गट ब्रिटिश साम्राज्यातल्या निरनिराळ्या देशांना वाटले गेले. ऑस्ट्रेलियाला व्हीएच आलं, भारताला व्हीटीपासून व्हीडब्ल्यूपर्यंतचा गट आला. व्हीएचचा जसा कुठल्या साहेबाशी संबंध नाही, तसाच व्हीटीचाही नाही.

पुढची तीन अक्षरं जास्त बोलकी आहेत. मालिका एएए पासून सुरू होते. क्रमाने मोजत गेलं तर एडीएन हे नव्वदाच्या आसपास येतं. म्हणजे १९२९ पासून १९३२ पर्यंत एवढ्या अवाढव्य देशाच्या वहीत जेमतेम शंभराच्या घरात विमानं चढली होती. राजेरजवाडे, फ्लाइंग क्लब, काही हौशी श्रीमंत, एवढाच तो संसार. त्यात टाटांनी आपली दोन पस मॉथ आणली, तीही टपाल वाहून पैसे कमवायला.

वहीतली ही ओळ अगदी रुक्ष असते : विमानाचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक, मालक, तारीख. पण ज्या विमानाला नाव नाही त्याचा अपघात कुठल्या प्रकाराच्या खात्यावर मांडायचा? व्हीएच-यूपीएम पडलं तेव्हा तपासनीसांना ते नेमकं कुठलं विमान, किती जुनं, आधी काय दुरुस्त्या झालेलं, हे लावता आलं ते या ओळीमुळे. तपासाचं पहिलं टोक तिथे आहे.

आता विमान.

सर जेफ्री डी हॅविलँड यांना पतंगांचा, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या कीटकांचा, अभ्यासाचा नाद होता. त्यामुळे त्यांच्या छोट्या विमानांची नावं पतंगांवरून पडत गेली : जिप्सी मॉथ, टायगर मॉथ, पस मॉथ, लेपर्ड मॉथ. पस मॉथचा पहिला नमुना सप्टेंबर १९२९ मध्ये उडाला. त्याचा सांगाडा प्लायवुडचा होता. विक्रीसाठी जी विमानं बांधली त्यांचा सांगाडा मात्र जोडलेल्या पोलादी नळ्यांचा आणि वरून ताणलेलं कापड. पंख लाकडी, तेही कापडाने मढवलेले. पंख डोक्यावर, खिडक्यांच्या वरच्या पातळीवर, आणि प्रत्येक पंखाला खालून इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन तिरके दांडे. वैमानिक त्यांना स्ट्रट म्हणतात. या दांड्यांपाशी आपल्याला परत यायचं आहे.

त्या काळी बहुतेक छोट्या विमानांत वैमानिक उघड्यावर बसायचा. वारा तोंडावर, पाऊस मांडीवर. पस मॉथमध्ये बंद खोली होती. दोघे, वेळप्रसंगी तिघे, कोट-टोपी घालून मोटारीत बसावं तसे बसायचे. १२० अश्वशक्तीचं जिप्सी-३ इंजिन उलटं टांगलेलं, सिलिंडर खाली आणि मुख्य दांडा वर, त्यामुळे नाकावरून पुढचं दिसायचं. ताशी शंभर मैलांच्या वर सहज चालायचं. पंख मागे दुमडता यायचे, म्हणजे साध्या पत्र्याच्या शेडमध्येही ते मावे. एक करामत मला फार आवडते : चाकांच्या पायांवरची निमुळती आवरणं आतून कळ फिरवून आडवी करता यायची. ती वाऱ्याला आडवी झाली की विमानाला हवेतच ब्रेक लागे. इतक्या सुबक विमानाला उतरायला फार लांब जागा लागायची, त्यावर काढलेला तो उपाय होता.

दोन मोठी चाकं पुढे, पंखाखाली. मागे शेपटीखाली एक लहानसा टेकू. कुठे छोटं चाक, तर त्या काळच्या अनेक विमानांना नुसता लोखंडी बूट बसवलेला दांडा, जो जमिनीवरून घासत जाई. अशा विमानांना आजचे वैमानिक टेलड्रॅगर म्हणतात. जमिनीवर ती नाक वर करून बसतात, आणि त्यांचा बहुतेक भार पुढच्या चाकांच्या मागे असतो. त्याचा परिणाम कसा होतो ते हातगाडीवाल्याला विचारावं. गाडी ओढली तर मागून सरळ येते. ढकलत नेली आणि पुढचं टोक जरा वळलं की मागचा भार ते वळण आणखी वाढवतो. उतरताना टेलड्रॅगर किंचित तिरकं टेकलं, आडवा वारा आला, वैमानिकाचा पाय सुकाणूच्या पट्टीवर क्षणभर उशिरा पडला, की शेपटी पुढे यायला बघते आणि विमान जागच्या जागी गरकन फिरतं. याला म्हणतात ग्राउंड लूप. यात माणसं क्वचित मरतात, पण पंखाचं टोक घासतं, चाकाचा पाय मोडतो, पंखा वाकतो. शेपटीच्या चाकाच्या कुठल्याही विमानाची कागदपत्रं उघडा, अशा नोंदी सापडतात. जुनी मंडळी म्हणत की ही विमानं हँगरमध्ये उभी करेपर्यंत उडवावी लागतात, आणि ते शब्दशः खरं आहे. गवताळ, ओबडधोबड मैदानांवर मात्र हीच रचना चालायची, आणि १९३२ मध्ये भारतात दुसरं होतं काय?

पस मॉथला भोवलं ते जमिनीवरचं नाही. हवेतलं.

ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात व्हीएच-यूपीसी हे पस मॉथ उडता उडता मोडलं. विमान नवंकोरं होतं. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्लेन किडस्टन. हा ब्रिटिश आरमारी अधिकारी १९२९ च्या एका विमान अपघातातून एकटा जिवंत वाचला होता आणि महिनाभरापूर्वीच इंग्लंडहून केपटाउनपर्यंत साडेसहा दिवसांत पोहोचण्याचा विक्रम करून आला होता. ड्रॅकेन्सबर्ग पर्वतावरच्या वादळी हवेत त्याचं उसनं घेतलेलं पस मॉथ फुटलं. तो आणि त्याचा सोबती दोघे जागीच गेले. २७ जुलै १९३२ ला इंग्लंडमध्ये, सरे परगण्यात, ब्रिटिश खासदार आल्फ्रेड बॉसम यांची पत्नी आणि मुलगा आणखी एका पाहुण्यासह पस मॉथमधून जात असताना तेही हवेत मोडलं. मग सप्टेंबरात होल्डन. यांखेरीज आणखीही होते.

आणि याच महिन्यांत याच विमानाचा जयजयकार चालला होता, हे विसरू नये. बॉसम कुटुंबाच्या अपघातानंतर तीन आठवड्यांनी, १८ ऑगस्टला, जिम मॉलिसन आयर्लंडच्या पोर्टमार्नॉक किनाऱ्यावरून 'द हार्ट्स कंटेंट' नावाच्या पस मॉथमध्ये एकटा निघाला आणि सुमारे एकतीस तासांनी कॅनडात उतरला. अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेकडे, समोरच्या वाऱ्याविरुद्ध, एकट्याने ओलांडणारा तो पहिला. नोव्हेंबरात त्याची पत्नी एमी जॉन्सन 'डेझर्ट क्लाउड' या पस मॉथमधून केपटाउनला गेली. या दोन विक्रमांच्या मधोमध जेआरडींचं उड्डाण बसतं. पुढच्या जानेवारीच्या ७ तारखेला ऑस्ट्रेलियाचा लाडका वैमानिक बर्ट हिंकलर लंडनहून आपल्या पस मॉथमधून मायदेशी निघाला आणि नाहीसा झाला. त्याचं विमान आणि देह इटलीतल्या प्रातोमान्यो डोंगरावर एप्रिलच्या अखेरीस सापडले. त्याचं विमान हवेत मोडलं होतं का, यावर जाणकारांत एकमत नाही.

म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी ड्रिग रोडच्या मैदानावर उभं असलेलं व्हीटी-एडीएन हे एका संशयित प्रकाराचं विमान होतं. धाडस म्हणून आपण त्या उड्डाणाचं जे वर्णन करतो त्यात हे कुठेच नसतं. रेडिओ नव्हता, वाटेत दिवे नव्हते, एवढंच आपण सांगतो.

मोडतोड कशामुळे होते, याचा शोध फार चिकाटीने घेतला गेला. ब्रिटनमध्ये फार्नबरोची विमान संशोधन संस्था आणि टेडिंग्टनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा कामाला लागल्या. कठीण भाग असा होता की साक्षीदार नव्हते. आतले सगळे मेलेले. पाहणाऱ्या शेतकऱ्याने एखादा तुकडा खाली येताना पाहिलेला, बस. प्रत्येक वेळी हाती यायचे ते अवशेष : पंख कुठे पडला, मुख्य भागापासून किती अंतरावर, दांडा कुठल्या बाजूला वाकला, लाकूड कुठून चिरलं. एका अपघातावरून काहीच ठरत नव्हतं. वैमानिकाने वेग जास्त ठेवला असेल, हवा फारच खराब असेल, असं म्हणता येत होतं आणि सुरुवातीला म्हटलंही गेलं. निरनिराळ्या खंडांतले, निरनिराळ्या वैमानिकांचे अपघात एकाखाली एक मांडले गेले, तेव्हा त्यांतला सारखेपणा डोळ्यांत भरला. खराब हवा, बऱ्यापैकी वेग, आणि पंख.

वाळत घातलेलं धोतर वाऱ्यात कसं फडफडतं ते आठवा. वारा मंद असला की नुसतं हलतं. एका ठरावीक वेगाच्या पुढे मात्र ते सटासट हापटायला लागतं. वारा त्याला दर फेरीला थोडी जास्त शक्ती देत राहतो. विमानाचा पंखही पूर्ण ताठ नसतो. तो वाकतो आणि पिळतो. हे वाकणं आणि पिळणं एकमेकांच्या लयीत आलं की पंख फडफडू लागतो, आणि लाकडी पंख तसा फार वेळ टिकत नाही. इंग्रजीत यालाच फ्लटर म्हणतात. तो पुरता समजलेला विषय त्या काळी नव्हता. पस मॉथच्या तपासाने त्याच्या अभ्यासाला मोठा रेटा दिला. खळबळत्या हवेत वेगाने जाताना पंख धरून ठेवणारी रचना, विशेषतः पुढचा तिरका दांडा, पुरेसा ताठ राहत नाही, हे हळूहळू उलगडलं.

उपाय ऐकून आश्चर्य वाटतं. पुढच्या दांड्याला आधार द्यायला एक छोटा जादा दांडा बसवला गेला. एवढाच. जुन्या छायाचित्रांत तो सहज ओळखू येतो : मोठ्या व्ही अक्षरातून निघालेली एक बारीक तिरकी काडी. सुमारे २८५ पस मॉथ बांधली गेली, त्यांतली काही आजही उडतात, आणि त्यांच्या अंगावर तो दांडा आहे. विमानाच्या छायाचित्रात लोक पंख पाहतात, इंजिन पाहतात. मी आता आधी ती काडी शोधतो.

टाटांच्या टपाल सेवेचं पुढे काय झालं ते थोडक्यात. जेआरडी दुपारी दोनच्या सुमाराला जुहूला उतरले. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. ही सगळी योजना मुळात व्हिन्सेंट यांची. जुहूला समुद्रालगतचं सपाट मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली झोपडी, एवढंच होतं. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जायचं, मग विमानं आणि माणसं पुण्यात येरवड्याला हलायची. पुण्याच्या लोकांनी या गोष्टीचा जेवढा अभिमान बाळगायला हवा तेवढा बाळगलेला दिसत नाही. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात त्या विमानांनी १,६०,००० मैल कापले, १५५ प्रवासी आणि १०.७१ टन टपाल नेलं. शेपटीवर टेकणारी, लाकडी पंखांची विमानं, घाटावरून आणि घाटाखालून, उन्हाळ्यातल्या उसळत्या हवेत. त्या उसळत्या हवेचाच तर प्रश्न होता.

कारखान्याने मे १९३३ मध्ये पस मॉथचा वारस उडवला, लेपर्ड मॉथ. त्यात सांगाडा पुन्हा प्लायवुडचा केला आणि पंख निमुळते, नव्या आखणीचे. तेही शेपटीवर टेकणारंच. १९८२ मध्ये त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी कराचीहून जुहूला पुन्हा उडत आले, ते लेपर्ड मॉथमधून.

इथे एका मराठी माणसाची आठवण न काढता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी गोटिंगेनमध्ये लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये काम केलं. तिथे १९५१ मध्ये एचटी-२ आणि १९५८ मध्ये पुष्पक उडालं. दोन्ही शेपटीच्या चाकाची. पुष्पकचा पंख डोक्यावर आणि खाली तिरके दांडे, दुरून पाहिलं तर पस मॉथच्या घराण्यातलंच वाटावं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक पिढ्या त्याच्यावर उडायला शिकताना ग्राउंड लूप टाळायला शिकल्या. पंखाच्या फडफडीचं गणित घाटग्यांच्या पिढीला तयार मिळालं. त्याची किंमत बायरन बे आणि ड्रॅकेन्सबर्गला मोजली गेली होती.

आज जुहूच्या विमानतळाच्या भिंतीबाहेर उभं राहिलं तर मुख्यतः हेलिकॉप्टरं दिसतात. बॉम्बे फ्लाइंग क्लब तिथेच आहे. रस्त्यावर रिक्षांची गर्दी, पलीकडे समुद्र. नोंदणीची अक्षरं आजही प्रत्येकाच्या अंगावर आहेत, आजही व्हीटीपासून सुरू होणारी.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत व्हीटी-एएनबी पडलं. एअर इंडियाचं बोइंग ७८७. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरची माणसंही गेली. तेच अहमदाबाद, जिथे व्हीटी-एडीएनमध्ये बैलगाडीतून आलेलं पेट्रोल भरलं होतं, आणि मालकही तेच घराणं. हा योगायोग आहे आणि त्यातून काही अर्थ काढू नये. पण त्यानंतरचे आठवडे मी जे वाचत होतो, ऐकत होतो, त्याने मन फार अस्वस्थ झालं. प्राथमिक अहवाल यायच्या आधी निवाडे झाले. अहवाल आल्यावर त्यातली दोन वाक्यं उचलून वैमानिकांवर, कंपनीवर, कारखान्यावर आरोप झाले. १९३० मध्येही पहिल्या अपघाताला 'वैमानिकाचा वेग' हेच उत्तर अखेरचं मानलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता आणि तो छोटा दांडा कधीच बसला नसता. विमान अपघाताच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की त्याचा हेतू दोष देणं नाही. पुन्हा तसं होऊ नये, एवढाच आहे. हा नियम लिखित आहे. आपल्या चर्चेत तो अजून उतरायचा आहे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. भारतात एखाद्या विमान अपघाताचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला की बातमीवर थांबू नका. तपास संस्थेचे अहवाल खुले असतात. विमान मोठं असो की फ्लाइंग क्लबचं दोन आसनी असो, तो अहवाल उघडा आणि शेवटपर्यंत वाचा. अगदी सुरुवातीला नोंदणीची अक्षरं असतात. अखेरच्या पानांवर सुरक्षेच्या शिफारशी असतात. त्यांतली कुठली अमलात आली आणि कुठली नाही, हे आपल्या खासदाराला लिहून विचारा.